वाढवू का, ताई?

१

आपल्याएवढी येडी बाई अख्ख्या अकोट तालुक्यात सापडायची नाही, हे वच्छला स्वतःच कबूल करायची, आणि ऐकणाऱ्याला चहा देता देता पुरावाही द्यायची. अकोल्याच्या कॉम्प्युटरवाल्या आमिनानं तिला फोनवर सांगितलं होतं, की कॉम्प्युटर फास्ट पळवायचा असेल तर आधी चांगला कूलर घ्या. झालं. वच्छला भर मे महिन्यात बाजारात गेली, घासाघीस केली, आणि छातीएवढा पत्र्याचा कूलर हातगाडीवर टाकून घरी आणला. त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, पाणी ओतलं, आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे केलं. स्वतः पदरानं वारा घेत बाजूला बसली. दिवस मावळेपर्यंत कीबोर्ड दमट झाला होता, टेपा एकमेकींना चिकटल्या होत्या आणि मॉनिटर खाजगी काही दुखणं असल्यासारखा थरथरत होता.

तिच्या नवऱ्यानं, श्यामनं, दारातूनच पाहिलं. "याले आंब्याचं पन्हंबी करून दे," म्हणाला आणि आंघोळीला गेला.

श्याम लग्नाचं शूटिंग करायचा आणि मागच्या खोलीत वच्छला त्याचं मिक्सिंग करायची. त्या वर्षांत वऱ्हाडात पीक साथ देत नव्हतं, त्यामुळे घरासमोर मांडव पडायचे कमी झाले होते. गावोगावची जोडपी एकाच मंडपात बसवून सामूहिक लग्नं लागायची. अकोटचं त्या उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं सामूहिक लग्न श्यामनं शूट केलं होतं आणि लग्न लावणाऱ्या समितीनं कबूल केलं होतं, की प्रत्येक जोडप्याला आपापली डीव्हीडी मिळेल. समितीला कबूल करायला काय जातं? करायचं वच्छलाला होतं. तिच्या जुन्या मशीनवर एक डीव्हीडी पुरती तयार व्हायच्या आत लाइट जायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि लाइट ते वाचायची नाही. मग सगळं पहिल्यापासून.

बरं, त्या जोडप्यांत एक तिच्या घरचं होतं. प्राजक्ता. वच्छलाच्या बहिणीची पोरगी. बहीण बाळंतपणात गेली तेव्हापासून वच्छलानंच तिला वाढवलं होतं. लग्न झालं आणि ती नवऱ्यासोबत, भगवंतासोबत, पार शेंदूरजनाघाटकडे गेली. तिथं एका संत्र्याच्या बागेत भगवंत राखणीला होता. बागेत एक खोली, एक विहीर, आणि ही दोघं. सासू नाही, सासरा नाही, शेजार नाही. फोनला रेंज मिळाली की पोरगी एकच विचारायची, की मावशी, माही डीव्हीडी कधी? मी कशी दिसत होती ते मले पाह्याचं हाये.

म्हणून घाई. बाकी वच्छलाला कॉम्प्युटर पळवायची हौस नव्हती. ती स्वतः कधी बसमागेसुद्धा पळाली नव्हती.

२

आमिनाचं दुकान अकोल्याला, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होतं. तिशीची बाई, ओढणी घट्ट बांधलेली, नाकावर जाड चष्मा. स्वतः हसायची नाही, समोरच्याला हसवायची. कूलरची गोष्ट तिनं पूर्ण ऐकून घेतली आणि फक्त एवढंच विचारलं, की कॉम्प्युटरले थंडी तर नाई वाजली ना.

मग तिनं वच्छलानं सोबत आणलेल्या कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली आणि समजावून सांगितलं. प्रोसेसर वाईट नाही. त्याला जेवढं पळायला सांगितलंय त्याच्यापेक्षा तो जास्त पळू शकतो. पण हा मदरबोर्ड स्वस्तातला, त्याच्या सेटिंगमध्ये स्पीड वाढवायची जागाच ठेवलेली नाही. आणि जबरदस्तीनं वाढवलीच तरी त्याच्यावरचे वीज पुरवणारे पार्ट एवढे बारीक आहेत, की अकोटच्या उन्हात ते आधी फुगतील. तेव्हा बोर्ड बदलायचा. असा घ्यायचा, की ज्याच्या पॉवरच्या भागावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत आणि ज्याला प्रोसेसरसाठी विजेचा वेगळा मोठा प्लग आहे. प्रोसेसर तोच राहू द्यायचा.

कूलिंगचं मात्र दोघींचं लांबलं. पाण्याचंही कूलिंग असतं, असं आमिना बोलून गेली. वच्छला म्हणाली, की आमच्या नळाला पाणी कधी येतं ते नगरपालिकेलाही माहीत नसतं, आलं तर खारट, आणि ते मी याला पाजू? आमिनानं शांतपणे सांगितलं, की त्यात नळाचं पाणी नसतं ताई, बंद नळीतलं वेगळं असतं. पण तेही नको. पाणी लावा नाहीतर हवा, खोली जेवढी तापली आहे त्याच्यापेक्षा थंड काहीच होत नाही. वरून नळी गळली तर बोर्ड गेला. त्यापेक्षा प्रोसेसरवरच बसतो तो तांब्याच्या नळ्यांचा उभा कूलर बरा. अमरावतीला एकाकडे आहे, विटेएवढा मोठा. मागवते. मशीन खिडकीपासून लांब, खाली फरशीवर ठेवा आणि डब्याची एक बाजू उघडीच राहू द्या.

"बसवून देते," आमिना म्हणाली. "मग एकेक पायरीनं क्लॉक, म्हणजे त्याचा स्पीड, वाढवत जाऊ. वाढवू ना, ताई?"

वच्छला हो म्हणता म्हणता थांबली. तिच्या घरात या शब्दाला जपून राहायचे. दुकान बंद नाही करायचं, वाढवायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. आणि बाईचा नवरा गेला की तिचा चुडा फोडतात, तोही वाढवतातच. वाईट तोंडातून निघू नये म्हणून चांगला शब्द पुढे करायचा, आणि पिढ्यान्पिढ्या तेच करता करता शेवटी त्या शब्दालाच वास लागतो.

तिनं हे बोलून दाखवलं आणि आपलंच आपण हसली. आमिना स्क्रू वेचत म्हणाली, की आमच्यातही दिवा विझवत नाहीत, चिराग बढवतात.

"मंग?"

"मंग काय. तरी अंधार होतेच."

३

आमिना एसटीनं अकोटला आली, मांडीवर खोका घेऊन. दिवसभर बसून तिनं बोर्ड बसवला, प्रोसेसरवर पांढरी पेस्ट लावली, आणि त्याच्यावर ते तांब्याचं धूड चढवलं. जाताना वच्छलाला शिकवून गेली. एकदम उडी मारायची नाही. एक पायरी वाढवायची, मग व्हिडिओचा एक छोटा तुकडा तयार करून पाहायचा. प्रत्येक वेळी तोच तुकडा. त्यात चौकोन दिसले, चित्र फाटलं, तर समजायचं की प्रोसेसरला झेपत नाही आणि मागे यायचं.

वच्छलानं तुकडा निवडला तो अर्थातच प्राजक्ताचा. नवऱ्या रांगेनं पाटांवर बसल्या आहेत, समितीनं वाटलेले एकाच रंगाचे शालू नेसून. प्रत्येकीच्या कपाळाला बाशिंग. कॅमेरा फिरत फिरत प्राजक्तापाशी थांबतो. मागे पाहुण्यांसाठी लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या ओळी, पण अक्षता टाकायला सगळे पुढे गेलेले, म्हणून खुर्च्या रिकाम्या. भटजी मंगलाष्टकाच्या मध्येच खाकरतात. प्राजक्ता हसू दाबते. तुकडा संपला.

पहिली पायरी वाढवली. चहाला आधण यायच्या आत तुकडा तयार झाला. वच्छलाला एवढा आनंद झाला, की तिनं चहात साखर दोनदा टाकली. गोड कप हातात घेऊन ती पाहायला बसली.

चौकोन नव्हते. चित्र स्वच्छ होतं. मंडपाच्या अगदी शेवटच्या ओळीत, रिकाम्या खुर्च्यांमध्ये, एक नवरी बसली होती.

तोच शालू, तसंच बाशिंग. मान खाली. शेजारी नवरा नाही, करवली नाही, कोणीच नाही. एखादी पाणी प्यायला उठली असेल आणि पाटापर्यंत परत यायचा कंटाळा आला असेल, असं वच्छलाला वाटलं. उन्हात दिवसभर उपाशी बसवतात पोरींना. तिला त्या नवरीची दयाच आली.

४

दुसरी पायरी वाढवली. मशीनच्या पंख्याचा आवाज जरा वर चढला. तुकडा तयार झाला. भटजी त्याच जागी खाकरले, प्राजक्तानं त्याच जागी हसू दाबलं.

ती नवरी मधल्या ओळीत बसली होती.

वच्छलानं मागे घेऊन पाहिलं. मग उठून श्यामची मूळ टेप काढली, कॅमेऱ्यात घातली, आणि कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर तोच भाग लावला. टेपमध्ये खुर्च्या रिकाम्या होत्या. सगळ्या. फक्त शेवटच्या ओळीत एका खुर्चीखाली एक कुत्रं सावलीला झोपलं होतं. तिनं पुन्हा कॉम्प्युटरवरचा तुकडा पाहिला. त्यात खुर्चीखाली कुत्रं नव्हतं. उठून गेलं होतं.

तिनं श्यामला बोलावून दाखवलं. श्याम म्हणाला, की मांडवात नवऱ्याच नवऱ्या होत्या, त्यातली एक कुठं बसली ते मी काय लक्षात ठेवू? टेपमध्ये नाही म्हटल्यावर तो म्हणाला, की त्या एवढ्याशा पडद्यात हत्तीही दिसणार नाही. कुत्रं दिसलं ना, ती म्हणाली. तो बॅटऱ्या चार्जिंगला लावायला गेला.

वच्छलानं स्वतःची बरीच समजूत काढली. शूटिंगचे तुकडे एकमेकांत मिसळतात, तिच्याच हातून मागे एकदा एकाच्या हळदीत दुसऱ्याचा म्हातारा घुसला होता. जुन्या टेपवर नवीन शूटिंग घेतलं की खालचं कधी वर येतं, असंही तिनं ऐकलं होतं. शेवटी तिनं आमिनाला फोन लावला. आमिना म्हणाली, की मशीन तापली की चुका करते, फ्रेम खाते.

"असलेल्या खाल्ल्या तर मले समजते, आमिना. नसलेल्या वाढते कोण?"

 आमिनानं टेंपरेचर विचारलं. वच्छलानं पडद्यावरचा आकडा वाचून दाखवला. हे तर काहीच नाही, आमिना म्हणाली, कूलर चांगला काम करतोय, मशीन बरोबर चालू आहे.

वच्छलाला चूक हवी होती. तीही मिळाली नाही.

५

तिसऱ्या पायरीला ती नवरी प्राजक्ताच्या मागे होती. अगदी मागे, गुडघे टेकून. बाशिंगाच्या मुंडावळ्या चेहऱ्यावर आलेल्या. आणि तिचा हात, शालूच्या पदराखालून निघून, प्राजक्ताच्या मनगटाकडे निघाला होता. हिरव्या चुड्याकडे. तिथं तुकडा संपत होता.

वच्छलानं क्लॉक खाली आणला. नवरी शेवटच्या ओळीत गेली. वर नेला. नवरी प्राजक्ताच्या पाठीशी. पंख्याचं रेग्युलेटर फिरवावं तसं ती फिरवत बसली आणि ती पोरगी न चालता, न उठता, लांबून जवळ आणि जवळून लांब होत राहिली. खोलीत दुपार तापली होती. खिडकीला लावलेलं पोतं वाळून कडक झालं होतं. बाहेर भांडेवाला ओरडत गेला. मशीनचा पंखा एका सुरात फिरत होता, आणि त्या सुराच्या आत कुठेतरी, कान दिला की, काच काचेला लागल्यासारखा बारीक आवाज येत होता. वच्छलानं स्वतःच्या बांगड्या कोपराकडे सारून हात मांडीवर घट्ट ठेवले. आवाज येतच राहिला.

सोपं होतं तसं. जुन्या स्पीडवर डीव्हीडी करायच्या. उशीर झाला असता, समितीनं बोल लावले असते, ती नवरी फार तर मागच्या खुर्चीत बसून राहिली असती. पण तो हात आता वच्छलानं पाहिला होता. चुड्याकडे जाणारा हात काय करायला जातो, याचा एकच अर्थ तिच्या डोक्यात येत होता, आणि त्यासाठी तिच्या घरात एकच शब्द होता. तिला भगवंत आठवत राहिला. विहिरीतल्या मोटरशी खटपट करणारा, फवाऱ्याचा पंप पाठीवर घेऊन झाडांमधून फिरणारा, संत्र्यासारखाच लालबुंद होऊन लाजणारा. तिनं प्राजक्ताला फोन लावला. रेंज नव्हती. पुन्हा लावला. रेंज नव्हती.

तिनं आमिनाला बोलावून घेतलं. मशीनमध्ये बिघाड आहे, एवढंच सांगितलं.

आमिनानं तिन्ही तुकडे पाहिले.  चष्मा काढून ओढणीनं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिले. मग तिनं हाताची मागची बाजू तांब्याच्या नळ्यांना लावून पाहिली, बोर्डावरच्या पट्ट्यांना लावून पाहिली. अजून एक पायरी जाईल, ती म्हणाली. फार तर एक. त्याच्या वर बोर्डही धरणार नाही आणि कूलरही. नको असेल तर इथंच थांबू, सगळं होतं तसं करून देते.

वच्छला पडद्याकडे पाहत होती. प्राजक्ता लहान होती तेव्हा अंगणात अशीच पाठमोरी बसून खेळायची, आणि तिच्या मागे कोण येऊन उभं राहिलं ते तिला कधी कळायचं नाही.

"वाढवू का, ताई?"

"वाढव."

पंखा चढला. चढला तो चढतच गेला. गरम धुळीचा वास खोलीभर झाला. तुकडा तयार होतो आहे ते दाखवणारी निळी पट्टी सरकत होती, मध्येच अडत होती, पुन्हा सरकत होती. आमिना जमिनीवर बसून एक हात डब्यापाशी ठेवून होती, तापलेल्या पोराच्या कपाळाशी ठेवावा तसा. पट्टी भरली. वच्छलानं तुकडा लावला.

मंडप. शालू. खुर्च्या, रिकाम्या. भटजी खाकरायला हवे होते. ते खाकरले नाहीत. मंडपातला भोंगा गप्प होता. नुसता काचेचा आवाज. प्राजक्ता समोर पाहून हसू दाबत होती आणि तिचा डावा हात मागे गेलेला होता, मोठ्या माणसांची नजर चुकवून धाकट्या बहिणीला काही द्यावं तसा. मागच्या नवरीचं मनगट मोकळं होतं. एकही बांगडी नव्हती. प्राजक्ता मागे न पाहता, बोटांनी चाचपत, आपल्या हातातली एकेक बांगडी काढून तिच्या हातात चढवत होती.

मागच्या पोरीनं मान वर केली. मुंडावळ्या बाजूला झाल्या. तिथं चित्र थांबलं. चेहऱ्याच्या जागी हिरवे चौकोन आले, ते पसरत गेले, आणि मशीन बंद पडली.

पंखा थांबल्यावर खोली इतकी शांत झाली, की दोघींना एकमेकींचा श्वास ऐकू येत होता. आमिनाच्या ओठांतून हळू आवाजात दुवेसारखं काहीतरी निघालं, वच्छलाला न कळणारं, पण कशासाठी म्हणतात ते कळलं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी प्राजक्ताचा फोन लागला. लागला तो पहिल्याच रिंगला, आणि आवाज एवढा साफ, की जणू पोरगी बाजूच्या खोलीतून बोलत असावी.

वच्छलानं आधी इकडचं तिकडचं विचारलं. भगवंत कसा आहे? चांगला आहे, आत्ताच जेवून झाडांना पाणी द्यायला गेला. तू खाते का नीट? खाते. बागेत एकटं वाटत नाही का गं? नाही वाटत. वच्छलाचा जीव थोडा भांड्यात पडला. मग तिनं आपण फार विशेष काही विचारत नाही अशा आवाजात विचारलं, की तुझा चुडा बरा आहे ना.

"अर्धा हाये," प्राजक्ता म्हणाली. "अर्धा मांडवात देल्ला."

"कोणाले?"

"मागं एक पोरगी येऊन बसली होती, मावशी. तिच्या हातात एकबी नव्हती. नवरीच्या हातात एकबी नसावी, हे बरं दिसते का?"

वच्छलानं विचारलं, कोणाची होती, कुठल्या गावची. प्राजक्ता म्हणाली, ते काही मी विचारलं नाही, घाई होती सगळी. फार थकलेली होती बिचारी. तिला न्यायला कोणी आलंच नाही.

वच्छला खाटेच्या कडेवर बसली. पलीकडून, प्राजक्ताच्या मागून, वाऱ्यानं पानं हलल्याचा आवाज येत होता. तिनं विचारलं तेव्हा तिचा स्वतःचाच आवाज तिला नको इतका मोठा वाटला.

"मंग गेली कुठं ते?"

"हळू बोल, मावशी," प्राजक्ता म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागला तिचा."